‘हम दोनो’ : जो हॅरियट आणि अमान्सिओ डिसिल्वा यांच्या सहवादनाचा एक विचार

इ. स. १९६९ मध्ये लंडन येथे ध्वनिमुद्रित झालेल्या एका जॅझ तबकडीचे नाव ‘हम दोनो’ असे हिंदुस्थानी आहे. ऑल्टो सॅक्सोफोनवादक जो हॅरियट हे जमैकाचे, तर गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा हे मुंबईत जन्मलेले गोमंतकीय. हिंदुस्थानी ही या दोघांपैकी कोणाच्याही घरची भाषा नव्हती. तरीही त्यांच्या चौकडीच्या एकमेव तबकडीला हेच नाव मिळाले आणि ब्रिटनमधील ‘कोलंबिया’ या मुद्रेखाली ती प्रसिद्ध झाली. मराठी संगीतसमीक्षेत या तबकडीची दखल जवळजवळ घेतली गेलेली नाही. ‘इंडो-जॅझ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रवाहातील एक लहानसा टप्पा एवढ्यावरच तिची बोळवण होते. प्रत्यक्षात या प्रवाहाच्या मूळ गृहीतकालाच ती छेद देते, असे तिच्या बारकाईने केलेल्या श्रवणातून दिसून येते. दोन संगीतपरंपरा एकत्र आणावयाच्या म्हणजे दोन्हीकडची वाद्ये समोरासमोर बसवावयाची, हे ते गृहीतक होय.

खानदेशातील वाचकाला सॅक्सोफोन अपरिचित नाही. जळगाव-धुळे परिसरात लग्नाच्या वरातीत बॅण्डपथकातील क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांवर चित्रपटगीते व अहिराणी गाणी वाजतात. मात्र तेथे हे वाद्य गळ्याची नक्कल करते. गायकाने घेतलेली हरकत, शब्दाच्या शेवटी दिलेला हेलकावा, हे सारे वादक ओठांच्या दाबाने आणि फुंकरीने काढतो. पडद्यांचे म्हणजे कळांचे वाद्य असूनही सॅक्सोफोन दोन सुरांमधील जागा भरून काढू शकतो, ही गोष्ट वरातीतील श्रोत्याला शास्त्र न शिकताही ठाऊक असते. पुढील विवेचनात या गोष्टीला महत्त्व आहे.

दोन वाटा, एक शहर

जो हॅरियट यांचा जन्म १९२८ मध्ये किंग्स्टन येथे झाला. कॅथॉलिक जोगिणींनी चालविलेल्या ‘अल्फा बॉइज स्कूल’ या संस्थेत त्यांचे बालपण गेले आणि तेथेच त्यांच्या हाती वाद्य आले. १९५१ मध्ये ते ब्रिटनमध्ये गेले. चार्ली पार्कर यांच्या वादनशैलीवर पोसलेला हा वादक १९६० च्या सुमारास एका वेगळ्याच वाटेला लागला. ठरावीक कॉर्डची मालिका, ठरावीक आवर्तने, इतकेच नव्हे तर ठरावीक लयही आवश्यकतेप्रमाणे सोडून द्यावयाची आणि पाच वादकांनी एकमेकांचे ऐकत संगीत घडवावयाचे, असा तो प्रयोग होता. ‘फ्री फॉर्म’ आणि ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ या त्यांच्या तबकड्या त्याची साक्ष देतात. अमेरिकेत ऑर्नेट कोलमन याच सुमारास मुक्त जॅझ मांडीत होते. त्यामुळे हॅरियट यांना त्यांचा ब्रिटिश अनुयायी ठरविण्याची घाई अनेकांनी केली. दोघांच्या मांडणीतील भेद पाहता हे मत टिकत नाही. हॅरियट यांच्या मुक्ततेत सर्व वाद्यांच्या परस्परसंवादाला आणि मौनालाही जे स्थान आहे, ते त्यांचे स्वतःचे आहे.

डिसिल्वा यांचा जन्म १९३६ चा. मुंबईत गोमंतकीय वादकांचे जे विश्व होते, त्यात ते वाढले. पोर्तुगीज काळात गोव्यातील चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकविले जाई. तेथून निघालेल्या पिढ्यांनी मुंबईतील हॉटेलांचे नृत्यवृंद भरले आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंदही भरले. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही नावे संगीताच्या इतिहासात त्यामुळेच येतात. अर्थात पडद्यावरील श्रेयनामावलीत ती येतीलच असे नसे. (नरेश फर्नांडिस यांच्या २०१२ मधील ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या ग्रंथाने मुंबईच्या जॅझविश्वाचा हा इतिहास प्रथमच तपशिलाने समोर आणला.) किंग्स्टनमधील जोगिणींची शाळा आणि गोव्यातील चर्चची शाळा यांच्यात हजारो मैलांचे अंतर असले, तरी वसाहतीतील मुलांच्या हाती युरोपीय वाद्य देणारी व्यवस्था दोन्हीकडे एकच होती. डिसिल्वा यांना जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांचा आश्रय लाभला होता. १९६७ मध्ये ते लंडनला गेले.

त्या वेळचे लंडन कसे होते, हेही ध्यानात घ्यावे लागते. एप्रिल १९६८ मध्ये इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध आपले कुप्रसिद्ध भाषण केले. त्याच वर्षी राष्ट्रकुलातील नागरिकांच्या ब्रिटनप्रवेशावर अधिक निर्बंध घालणारा कायदा संमत झाला. दुसरीकडे सतारीचे वेड होते, भारतीय अध्यात्माचे आकर्षण होते. म्हणजे भारतीय माणूस नको, परंतु भारताचा सुगंध हवा, अशी स्थिती होती. ‘इंडो-जॅझ’ला मिळालेल्या लोकप्रियतेकडे या संदर्भात पाहिले पाहिजे. तसे पाहिले म्हणजे ‘हम दोनो’मध्ये सतार का नाही, हा प्रश्न केवळ वाद्यमेळापुरता उरत नाही.

दुहेरी पंचक आणि त्याची मर्यादा

हॅरियट यांचा भारतीय संगीताशी संबंध डिसिल्वा यांच्या आधीच आला होता. कोलकात्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर यांच्यासमवेत त्यांनी १९६६ मध्ये ‘इंडो-जॅझ सूट’ आणि पुढे ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ या नावाच्या दोन तबकड्या केल्या. पाच जॅझवादक आणि पाच जण भारतीय बाजूचे, असे हे ‘दुहेरी पंचक’ होते. त्यात तबल्यावर केशव साठे हे मराठी वादक, तर सतारीवर दिवाण मोतीहार होते. निर्माते डेनिस प्रेस्टन. पुढे ‘हम दोनो’ची निर्मितीही त्यांनीच केली.

मेयर यांचे सामर्थ्य रचनाकाराचे होते. रागाचे आरोह-अवरोह, तालाची मात्रासंख्या हे सारे त्यांनी कागदावर उतरवून वादकांपुढे ठेवले. या तबकड्यांतील काही भाग आजही टवटवीत वाटतात, विशेषतः जेथे साठे यांचा ठेका आणि जॅझचा ड्रम एकमेकांना वाट करून देतात तेथे. तथापि एकंदर रचनेत एक विषमता राहून गेली आहे. भारतीय बाजू पुष्कळदा लिहिलेली, म्हणून स्थिर. जॅझची बाजू उत्स्फूर्त, म्हणून चल. सतार एक वाक्य बोलते, नंतर सॅक्सोफोन त्यावर भाष्य करतो, मग पुन्हा सतार. ज्या संगीताचा प्राणच उपज आहे, त्या हिंदुस्थानी संगीताला येथे नेपथ्याचे काम मिळाले, हा विरोधाभास मराठी श्रोत्याला विशेष जाणवावा. रागाला स्वरांची यादी मानले की असे होते. बागेश्री आणि भीमपलासी यांत कोमल गांधार व कोमल निषाद समान आहेत, म्हणून कोणी त्या दोन रागांना जवळपास एक समजत नाही. स्वर कोठून येतो, किती थांबतो आणि कोणाच्या अंगाने जातो, यात राग असतो.

मुंबईतही याच काळात एक समांतर प्रयोग झाला. शंकर-जयकिशन यांची ‘रागा-जॅझ स्टाइल’ ही तबकडी १९६८ ची. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग आणि तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा राग. चित्रपटसंगीताच्या कारागिरीचा तो उत्तम नमुना होय; पण तेथेही राग आणि जॅझ शेजारी शेजारी राहतात. शेजार सलोख्याचा आहे, इतकेच. ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर रागाधारित जॅझचे जे प्रयोग मुंबईत केले, त्यांची दिशा मात्र अधिक अंतर्मुख होती आणि डिसिल्वा यांच्या कामाशी त्यांचे नाते अधिक जवळचे दिसते.

पियानो नसलेली चौकडी

‘हम दोनो’मधील मूळ वाद्यमेळ अगदी आटोपशीर आहे : ऑल्टो सॅक्सोफोन, गिटार, डेव्ह ग्रीन यांचा डबल बास आणि ब्रायन स्प्रिंग यांचे ड्रम. काही रचनांत इयान कार यांचे फ्लूगलहॉर्न आणि नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दाविना गायिलेला आवाज यांची जोड आहे. सतार नाही, तबला नाही, तंबोरा नाही. आणि पियानोही नाही.

या शेवटच्या गोष्टीकडे समीक्षकांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. हॅरियट यांच्या मुक्त वादनाच्या पंचकात पियानो होता आणि मेयर यांच्या दुहेरी पंचकातही होता. पियानोचा स्वर एकदा दाबला की तो तेथेच उभा राहतो. त्याला ओढता येत नाही, हलविता येत नाही. आपल्याकडे हार्मोनिअमविषयी जो दीर्घ वाद झाला, त्याच्या मुळाशी हाच आक्षेप होता. त्याच कारणास्तव नभोवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके या वाद्याला दूर ठेवले. तो निर्णय योग्य होता की नाही, हा वेगळा विषय (गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी पेटीतून जे निर्माण केले, ते त्या निर्णयाला पुरेसे उत्तर आहे). आक्षेपातील निरीक्षण मात्र खरे आहे. पियानो बाजूला होताच उरतात ती दोन मुख्य वाद्ये, आणि त्या दोन्हींवर स्वर वाकविता येतो. गिटारची तार पडद्यावर ओढून मींड काढता येते. सॅक्सोफोनवर तेच काम ओठ करतात. म्हणजे दोन परंपरांची भेट येथे वाद्यांच्या यादीत होत नाही. ती दोन स्वरांमधल्या फटीत होते.

डिसिल्वा यांच्या वादनाचे वैशिष्ट्य हेच आहे. जॅझमधील गिटारवादक सामान्यतः दोन भूमिका बजावतो : दुसरा वाजवीत असताना कॉर्डचा आधार देणे आणि पाळी आली की स्वतंत्र वादन करणे. डिसिल्वा पहिल्या भूमिकेत पुष्कळदा कॉर्डऐवजी एकेरी स्वरांचीच ओळ धरतात, किंवा खुल्या तारेचा आधारस्वर गुंजत ठेवतात. परिणामी सॅक्सोफोनच्या पाठीमागे भिंत उभी न राहता एक मोकळे अंगण तयार होते. द्रुत पलट्यांत त्यांचा प्रत्येक स्वर सुटा आणि स्वच्छ ऐकू येतो, त्यात झाल्याचा भास होतो. परंतु ‘आता भारतीय वाजवितो’ अशी सूचना कोठेही मिळत नाही. मुंबईत वाढलेल्या कानावर जे पडले, ते बोटांत उतरले आहे एवढेच.

हॅरियट यांना या मोकळ्या अंगणाची गरज होती. त्यांचा स्वर धारदार, काहीसा आर्त. वाक्याच्या अखेरीस तो जवळजवळ हाकेसारखा उंचावतो. मेयर यांच्या रचनेत त्या हाकेला ठरावीक मात्रांत बसावे लागे. येथे ती संपेपर्यंत कोणी तिला अडवीत नाही. ‘स्प्रिंग लो, स्वीट हॅरियट’ या रचनेचे नावच एक कोटी आहे. प्रसिद्ध निग्रो भक्तिगीताच्या नावात ड्रमवादक आणि सॅक्सोफोनवादक यांची नावे गुंफली आहेत. हॅरियट यांच्या १९६० च्या मुक्त वादनाची आठवण या तबकडीत सर्वाधिक येथेच होते. लय सुटते, पुन्हा सापडते, आणि स्प्रिंग यांचे ड्रम ठेका धरण्यापेक्षा बोलण्याचे काम अधिक करतात.

आम्ही की आपण?

तबकडीचे शीर्षक येथे पुन्हा विचारात घ्यावे लागते. ‘हम दोनों’ मराठीत आणताना अनुवादकापुढे एक निवड उभी राहते, जी हिंदीत करावी लागत नाही. ‘आम्ही दोघे’ की ‘आपण दोघे’? ‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर असतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. पहिला अर्थ घेतला तर दोन वादक श्रोत्याला आपली ओळख करून देत आहेत. दुसरा घेतला तर एक वादक दुसऱ्याशी बोलतो आहे आणि श्रोता ते संभाषण केवळ ऐकतो आहे. (याच नावाचा देव आनंद यांचा १९६१ चा चित्रपट येथे सहज आठवतो. त्यातील ‘दोघे’ मात्र एकाच नटाच्या दुहेरी भूमिका होत्या.)

‘इंडो-जॅझ’ या जोडशब्दाचे बोलणे ‘आम्ही’चे आहे. पाहा, हा भारत आणि हे जॅझ, असे तो श्रोत्याला सांगतो. ‘हम दोनो’ जेथे उत्तम उतरली आहे, तेथे ती ‘आपण’चे बोलणे बोलते. आपल्या संगीतातील प्रचलित नमुने याच्या वर्णनाला अपुरे पडतात. ही जुगलबंदी नव्हे, कारण चढाओढ नाही. साथसंगतही नव्हे, कारण मुख्य कोण आणि साथीदार कोण हे ठरलेले नाही. सॅक्सोफोनने सोडलेला स्वर गिटारने उचलावा, पण त्याच वाक्यात न जाता तिरक्या वाटेने पुढे न्यावा, असे वारंवार घडते.

सर्व तबकडी या पातळीवर राहते, असे मात्र म्हणता येणार नाही. फ्लूगलहॉर्न आले की दोघांचे संभाषण चौघांच्या बैठकीत रूपांतरित होते. कार हे श्रेष्ठ वादक आहेत, यात वाद नाही. परंतु ते आणि हॅरियट मुखडा जोडीने वाजवू लागले की गिटार आपोआप मागच्या ओळीत सरकते आणि वाद्यमेळ त्या काळच्या कोणत्याही चांगल्या ब्रिटिश जॅझ पथकासारखा भासू लागतो. विन्स्टन यांच्या आवाजाचे तसे होत नाही. शब्दच नसल्याने तो आवाज तिसऱ्या वाद्यासारखा मिसळतो. आलापाची सवय असलेल्या कानाला त्यात काहीच परके वाटू नये.

‘बॅलड फॉर गोवा’ या रचनेविषयी थोडे अधिक सांगणे प्राप्त आहे. गोव्याचे नाव असूनही तिचा घाट जॅझमधील संथ बॅलडचाच आहे. परदेशी श्रोत्याला गोवा ‘दाखविण्याचा’ मोह डिसिल्वा यांना सहज पडू शकला असता. मांडो आणि देखणी हाताशी होतेच, आणि लंडनच्या बाजारात त्या वेळी तसे काही खपलेही असते. तो मोह येथे टाळलेला आहे. गोवा पोर्तुगीज अंमलातून मुक्त होऊन त्या वेळी आठ वर्षेही झाली नव्हती, आणि ही रचना लिहिणारा स्वतः मुंबईत जन्मलेला होता. म्हणजे हा गोवा राहिलेल्या गावाचा असण्यापेक्षा घरी ऐकलेल्या गावाचा अधिक. त्याला ओळखीची खूण लागत नाही. आणि ही रचना वाजविताना जमैकाच्या वादकाचा सूर जितका हळवा होतो, तितका मेयर यांच्या रागाधारित रचनांत क्वचितच झाला आहे.

दोन ‘जयपूर’

हॅरियट यांच्या सहभागाने नेमके काय साधले, हे तपासण्याची एक संधी स्वतः डिसिल्वा यांनीच उपलब्ध करून दिली आहे. त्याच वर्षी, १९६९ मध्ये, त्यांची ‘इंटिग्रेशन’ ही तबकडी निघाली. तीत इयान कार व डेव्ह ग्रीन हेच वादक आहेत. सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल आणि ड्रमवर ट्रेव्हर टॉमकिन्स आहेत. ‘जयपूर’ ही रचना दोन्ही तबकड्यांत आहे.

‘इंटिग्रेशन’मधील ‘जयपूर’ नेटकी आहे. रेंडेल यांचे वादन गोलाईचे, सुसंस्कृत. मुखड्याच्या वळणाचा मान राखून ते पुढे जातात. शीर्षकातील ‘एकीकरण’ तेथे खऱ्या अर्थाने झालेले आहे, कोठेही सांधा दिसत नाही. ‘हम दोनो’मधील ‘जयपूर’ तुलनेने खडबडीत आहे. हॅरियट मुखड्यातील एखादाच तुकडा उचलतात, त्याला पिळतात, आणि गिटारला त्याचे उत्तर द्यावे लागेल अशा अवस्थेत सोडून देतात. पहिली ऐकताना रचना लक्षात राहते. दुसरी ऐकताना रचना करणाऱ्याला स्वतःच्याच चालीत न दिसलेले काही दाखविले जात असल्याची जाणीव होते. सहवादनाचे मूल्यमापन एकजिनसीपणावरून करावयाचे असेल तर पहिली श्रेष्ठ ठरेल. परंतु सहकाऱ्याने आपल्याला आपल्या हद्दीबाहेर नेले काय, ही कसोटी अधिक कठोर आणि अधिक न्याय्य आहे. तिच्यावर दुसरीच उतरते.

पुढे हे दोघे पुन्हा एकत्र ध्वनिमुद्रित झाले नाहीत. हॅरियट यांचे २ जानेवारी १९७३ रोजी साउथॅम्प्टन येथे, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, विपन्नावस्थेत निधन झाले. ‘हम दोनो’ दीर्घकाळ दुर्मीळ तबकड्यांच्या बाजारात चढ्या किमतीला विकली जात राहिली. म्हणजे ती संग्राहकांकडे होती, श्रोत्यांकडे नव्हती. तिचे पुनःप्रकाशन होण्यास २०१५ साल उजाडले.

सॅक्सोफोन आणि गिटार ही जोडी दरम्यान पुन्हा भेटली. भारतीय वंशाचे अमेरिकन सॅक्सोफोनवादक रुद्रेश महंतप्पा यांनी कर्नाटक संगीतात सॅक्सोफोन रुजविणारे कद्री गोपालनाथ यांच्यासह २००८ मध्ये ‘किन्स्मेन’ केली. तीत कराचीत जन्मलेले रेझ अब्बासी गिटारवर आहेत. त्याच वर्षीच्या ‘आप्ती’ या तबकडीत तर महंतप्पा, अब्बासी आणि तबल्यावर डॅन वाइस असे तिघेच आहेत. हिशेब, लयकारी, गमक यांची तेथील जाण १९६९ च्या कोणाहीपेक्षा सखोल आहे, हे निर्विवाद. मात्र या वादकांना भारत कोणाला दाखवावयाचा नव्हता, आणि त्या निश्चिंतपणाची पहिली चाहूल ‘हम दोनो’मध्ये लागते.

डिसिल्वा १९९६ मध्ये निवर्तले. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी ‘कोकण डान्स’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली होती. तीत सतार आली, आणि तबल्यावर पुन्हा केशव साठे आले. पण या वेळी चाली गिटारवादकाच्या होत्या आणि सतारीला त्याच्या मागे जावे लागत होते. ‘इंडो-जॅझ’ची मांडणी तीत उलटली होती. ती तबकडी मात्र त्यांच्या हयातीत बाजारात आलीच नाही. २००६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, ती प्रथम प्रसिद्ध झाली.